दिवसाही लागणारा दिवा

अंधार पडला की आपण दिवा लावतो आणि उजाडले की मालवतो. विमानाच्या एका दिव्याचा नियम मात्र वेगळा आहे. तो भर दुपारीही लागतो आणि काळोख्या रात्री उंच आकाशात बंद असतो. असे का, हे या पाठात सांगितले आहे.

मोर्शीहून सिंभोऱ्याच्या धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर रात्री फारसा उजेड नसतो. आकाश स्वच्छ असले, तर तेथून चांदण्या स्पष्ट दिसतात. त्या चांदण्यांमधून कधी कधी एक ठिपका हळूहळू सरकत जातो. तो लुकलुकत असतो. थोड्या वेळाने बारीक घरघर ऐकू येते. ते विमान असते.

या विमानावर अनेक दिवे असतात. त्याच्या डाव्या पंखाच्या टोकाला तांबडा दिवा असतो. उजव्या पंखाच्या टोकाला हिरवा आणि शेपटीकडे पांढरा दिवा असतो. हे दिवे सतत जळतात. त्यांच्या रंगावरून विमान कोणत्या दिशेला चालले आहे, हे दुसऱ्या वैमानिकाला कळते. समोरच्या विमानाचा तांबडा दिवा आपल्या उजवीकडे आणि हिरवा दिवा डावीकडे दिसला, तर ते विमान आपल्याकडे तोंड करून येत आहे. फक्त शेपटीकडचा पांढरा दिवा दिसला, तर ते आपल्यासारखेच पुढे चालले आहे. याशिवाय विमानाच्या धडावर लुकलुकणारा तांबडा दिवा असतो आणि पंखांवर विजेसारखे चमकणारे पांढरे दिवे असतात. आपल्याला जमिनीवरून जे लुकलुकताना दिसते, ते हेच दिवे होत.

परंतु विमानाचे सर्वांत प्रखर दिवे यांहून निराळे आहेत. ते पंखांच्या मुळाशी किंवा पुढच्या चाकाजवळ बसवलेले असतात आणि त्यांचा झोत समोर पडतो. वैमानिक त्यांना ‘लँडिंग लाइट’ म्हणतात. आपण त्यांना ‘उतरण्याचे दिवे’ म्हणू. जुन्या जेट विमानांतील असा एकेक दिवा ६०० वॉटचाही असे. आता अनेक विमानांत कमी वीज खाणारे एलईडी दिवे आले आहेत. मोर्शीवरून दहा-अकरा किलोमीटर उंचीने जाणाऱ्या विमानाचे हे दिवे सहसा बंद असतात. उलट, विमानतळाजवळ भर उन्हात उतरणाऱ्या विमानाचे हे दिवे लागलेले दिसतात.

रात्री बंद आणि दिवसा चालू! हा उलटा प्रकार कशासाठी? तो समजण्यासाठी आपण थोडे मागे जाऊ.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन एक लहान विमान मुंबईच्या जुहू येथे आणले. वाटेत ते अहमदाबादला थांबले होते. सकाळी निघालेले विमान दुपारी पोहोचले. पुढे मद्रासला जाणारे टपाल दुसऱ्या वैमानिकाने नेले. त्याला वाटेत बेल्लारीला रात्रीचा मुक्काम करावा लागला. त्या काळी आपल्याकडे या मार्गावर रात्री विमान चालवण्याची सोय नव्हती. सूर्य मावळला की विमान जमिनीवर थांबे.

पुढे सुमारे सोळा वर्षांनी चित्र बदलले. स्वतंत्र भारताचे पहिले दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांच्या कारकिर्दीत, जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. या सेवेचे केंद्र आपल्या विदर्भातील नागपूर हे होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री चार विमाने निघत. मध्यरात्रीनंतर ती नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परत जात. मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीला पोहोचू लागले. नागपूर देशाच्या मध्यभागी असल्यामुळे हे साधले.

या सेवेत डकोटा जातीची विमाने होती. काळोखात चार दिशांनी चार विमाने एकाच धावपट्टीकडे येत. अशा वेळी धावपट्टीच्या कडेचे दिवे वैमानिकाला वाट दाखवतात. पण कडेच्या दिव्यांनी धावपट्टीची फक्त सीमा कळते. पट्टीवर काय पडले आहे, एखादे कुत्रे किंवा रोही आडवे आले आहे का, जमीन आता किती जवळ आली आहे, हे शेवटच्या क्षणी विमानाच्या स्वतःच्या दिव्यानेच दिसते. उतरण्याच्या दिव्याचे हे पहिले काम होय. पाहण्यासाठी दिवा लागतो, हे कोणालाही समजते.

विमाने वाढली तसे या दिव्याचे दुसरे काम पुढे आले. ते काम म्हणजे दिसणे. आपण दुसऱ्याला पाहणे जितके आवश्यक, तितकेच दुसऱ्याला आपण दिसणेही आवश्यक असते. आज वैमानिक दिवसा हे दिवे लावतात, ते या दुसऱ्या कामासाठी.

आता एका प्रवासी विमानाबरोबर आपण कल्पनेने प्रवास करू. इंजिन सुरू करण्यापूर्वी वैमानिक धडावरचा लुकलुकणारा तांबडा दिवा लावतो. ‘इंजिन सुरू होत आहे, दूर राहा’ असा त्याचा अर्थ आहे. विमान धावपट्टीकडे सावकाश जाऊ लागले की वाट दिसण्यापुरता एक लहान दिवा लावतात. उतरण्याचे प्रखर दिवे या वेळी बंद ठेवतात. कारण तळावर माणसे काम करीत असतात आणि समोरून दुसरी विमाने येत असतात. त्यांचे डोळे दिपले, तर अपघात होईल.

विमान धावपट्टीवर आले आणि उड्डाणाची परवानगी मिळाली की उतरण्याचे दिवे लावतात. ‘हे विमान आता धावणार आहे’ हे त्यावरून इतरांना कळते. विमान वर चढते. दहा हजार फूट, म्हणजे सुमारे तीन हजार मीटर उंची गाठेपर्यंत हे दिवे चालू असतात. चिखलदऱ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर आहे. तिच्या जवळजवळ तिप्पट ही उंची झाली. ती ओलांडल्यावर वैमानिक दिवे बंद करतो. परत येताना दहा हजार फुटांवर ते पुन्हा लावतो. विमान उतरून धावपट्टीबाहेर वळले की ते बंद करतो. दिवस असो की रात्र, बहुतेक विमान कंपन्यांत हाच क्रम पाळतात.

दहा हजार फूट हीच सीमा का? कारण खालच्या आकाशात गर्दी असते. चढणारी विमाने, उतरणारी विमाने, शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने, हेलिकॉप्टर आणि पक्षी हे सगळे तेथेच असतात. म्हणून अनेक देशांत या उंचीखाली विमानाचा वेगही ताशी सुमारे ४६० किलोमीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही. वरच्या आकाशात विमाने ठरलेल्या मार्गांनी आणि ठरलेल्या उंचीवरून जातात. जमिनीवरील नियंत्रक त्यांच्यातील अंतर सांभाळतात. तेथे हे दिवे जाळून विशेष उपयोग होत नाही. काही विमानांत हे दिवे पंखातून बाहेर निघतात. ते वेगाने जाताना बाहेर ठेवले, तर वाऱ्याला अडथळा होतो.

आता दिवसाचा प्रश्न घेऊ. लख्ख उन्हात एवढे मोठे विमान दिसत नाही का? थोडे गणित करून पाहा. दोन विमाने समोरासमोर येत आहेत आणि प्रत्येकाचा वेग ताशी ४६० किलोमीटर आहे. ती दर सेकंदाला एकमेकांच्या सुमारे २५५ मीटर जवळ येतात. त्यांच्यात पाच किलोमीटरचे अंतर असेल, तर भेट होण्यास फक्त वीस सेकंद उरतात. पाच किलोमीटरवरून समोरून येणारे विमान केवढे दिसते? त्याचे पंख समोरून पातळ रेषेसारखे असतात. लहान प्रवासी विमानाचे धड सुमारे तीन मीटर जाडीचे असते. हात लांब करून धरलेल्या सुईच्या टोकाएवढेच ते दिसते. आकाश धुरकट असेल, तर तेही दिसत नाही.

यात आणखी एक अडचण आहे. आपला डोळा हलणारी वस्तू चटकन टिपतो. बाजूने जाणारे विमान काचेवरून सरकताना दिसते. त्याची टक्कर होत नाही. ज्या विमानाशी टक्कर होणार असते, ते काचेवर एकाच जागी स्थिर दिसते आणि फक्त हळूहळू मोठे होते. म्हणजे जे सर्वांत धोक्याचे, तेच डोळ्याला सर्वांत कमी जाणवते. त्या ठिपक्याच्या जागी प्रखर दिवा असेल, तर मात्र नजर लगेच तिकडे जाते. वीस सेकंदांतील पाच-सात सेकंद जरी वाचले, तरी विमान वळवण्यास तेवढा वेळ मोलाचा असतो.

आपल्या जिल्ह्यातही आता हे दिवे दिसतात. अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावर १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून पहिले नियमित प्रवासी विमान आले. येथील धावपट्टी १८५० मीटर लांब आहे. कधी बेलोऱ्याला किंवा नागपूरला गेलात, तर उतरणारे विमान दुरून पाहा. प्रथम एक पांढरा तारा दिसेल. तो बराच वेळ जागचा हलणार नाही, कारण विमान जवळजवळ आपल्याच दिशेने येत असते. मग ताऱ्याचे दोन-तीन दिवे होतील आणि त्यानंतर पंख दिसू लागतील. आधी दिवा आणि मागून विमान, हा क्रम दिवसाही असतो.

पक्ष्यांसाठीही हा दिवा उपयोगी पडतो. हिवाळ्यात अप्पर वर्धा धरणाच्या जलाशयावर दूरदूरचे पाणपक्षी येतात. असे थवे विमानाच्या मार्गात आले, तर पक्षी मरतात आणि विमानालाही धोका होतो. १५ जानेवारी २००९ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराजवळ हंसजातीच्या मोठ्या पक्ष्यांचा थवा एका जेट विमानावर आदळला. दोन्ही इंजिने निकामी झाली. वैमानिकाने विमान हडसन नदीच्या पाण्यावर उतरवले आणि आतील सर्व १५५ माणसे वाचली. जेथे पक्ष्यांचे थवे असण्याची शक्यता असते, तेथे दिवे लावावेत, असा सल्ला वैमानिकांना दिलेला असतो. दिवा दिसला की पक्ष्यांना बाजूला होण्यास थोडा अवधी मिळू शकतो. तरीही पक्षी दूर होतीलच, अशी खात्री नसते.

दिवा केव्हा लावू नये, हेही वैमानिकाला शिकावे लागते. दाट धुके, ढग किंवा बर्फ यांतून जाताना प्रखर झोत पाण्याच्या कणांवरून उलटून वैमानिकाच्याच डोळ्यांवर येतो. समोर पांढरी भिंत उभी राहिल्यासारखे होते. हिवाळ्यात पहाटे धुक्यातून मोटार चालवणारे चालक दिव्याचा झोत खाली करतात, ते याच कारणाने. विमानाचे चमकणारे दिवे वैमानिकाच्या कामात अडथळा आणत असतील किंवा बाहेरच्या माणसाचे डोळे दिपवत असतील, तर ते बंद करण्याची किंवा मंद करण्याची मुभा आंतरराष्ट्रीय नियमांतही आहे. डोळे दिपवणारा दिवा अंधाराइतकाच वाईट.

या दिव्याला बोलताही येते. विमानातील रेडिओ बंद पडला, तर विमानतळाच्या मनोऱ्यावरून रंगीत प्रकाशाने खुणा करतात. हवेतील विमानाला स्थिर हिरवा प्रकाश दाखवला, तर ‘उतरण्यास परवानगी आहे’ असा अर्थ होतो. स्थिर तांबडा दाखवला, तर ‘दुसऱ्या विमानाला वाट द्या आणि घिरट्या घालत राहा’ असा अर्थ होतो. खूण समजली, हे वैमानिकाने कसे सांगावे? दिवसा तो विमानाचे पंख डोलवतो. रात्री तो उतरण्याचे दिवे दोनदा लावून बंद करतो.

असे असले तरी दिवा म्हणजे सर्व काही नव्हे. मराठीत ‘दिव्याखाली अंधार’ अशी म्हण आहे. उर्दूतही ‘चिराग तले अंधेरा’ असे म्हणतात. विमानाच्या दिव्यामागेही असाच अंधार असतो. त्याचा झोत पुढे पडतो, त्यामुळे मागून येणाऱ्याला तो दिसत नाही. २ जानेवारी २०२४ रोजी संध्याकाळी जपानमधील टोकियोच्या हानेडा विमानतळावर तटरक्षक दलाचे एक लहान विमान धावपट्टीवर उभे होते. मागून एक मोठे प्रवासी विमान उतरले आणि त्याच्यावर आदळले. मोठ्या विमानातील सर्व ३७९ माणसे पेटत्या विमानातून बाहेर पडून वाचली. परंतु लहान विमानातील सहांपैकी पाच जण दगावले. रात्री धावपट्टीवर दिव्यांच्या रांगा असतात. त्यांत उभ्या विमानाचा शेपटीकडचा दिवा सहज मिसळून जाऊ शकतो.

आपल्या देशातील एक घटना याहूनही दुःखद आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी संध्याकाळी दिल्लीहून सौदी अरेबियाकडे निघालेले एक मोठे विमान आणि कझाकस्तानहून दिल्लीला येणारे दुसरे विमान यांची हरियाणातील चरखी दादरी गावावर हवेत टक्कर झाली. दोन्ही विमानांतील सर्व ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. पोटापाण्यासाठी परदेशी निघालेले कितीतरी भारतीय त्यांत होते. येणाऱ्या विमानाने पंधरा हजार फुटांवर राहायचे होते. ते त्याखाली आले, असे चौकशीत आढळले. टक्कर झाली तेथे ढग होते. ढगातून दिवा वेळेवर दिसणे कठीण असते. म्हणून पुढे भारतात येणाऱ्या विमानांवर टक्कर टाळणारे यंत्र बसवणे सक्तीचे झाले. हे यंत्र जवळ येणाऱ्या विमानाचा वेध घेते आणि ‘वर जा’ किंवा ‘खाली या’ अशी सूचना वैमानिकाला देते. दिल्लीला येण्याचे आणि तेथून जाण्याचे हवाई मार्गही वेगळे करण्यात आले.

तेव्हा रेडिओ, रडार आणि यंत्रे यांवर विमानाची सुरक्षितता उभी आहे. तरीही वैमानिक दिव्याची कळ दाबायला विसरत नाही. कारण यंत्र बिघडू शकते, ऐकण्यात चूक होऊ शकते. अशा वेळी माणसाचा डोळा हा शेवटचा पहारेकरी असतो. त्या पहारेकऱ्याला दिव्याची मदत होते.

आपल्या वडीलधाऱ्या मंडळींना ही गोष्ट विमानाशिवायही ठाऊक होती. रात्री बाजारातून परतणाऱ्या बैलबंडीखाली कंदील टांगलेला असे. बैलांना वाट ओळखीची होती. त्यांना कंदिलाची गरज नव्हती. तो कंदील मागून येणाऱ्यासाठी होता. आज मोर्शी-वरूड रस्त्यावर संत्र्यांच्या क्रेटनी भरलेल्या ट्रॉली ट्रॅक्टरमागे जातात. ट्रॅक्टरच्या पुढच्या दिव्यांनी चालकाला रस्ता दिसतो. पण ट्रॉलीच्या मागे तांबडा दिवा किंवा चमकणारी पट्टी नसेल, तर मागून भरधाव येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसत नाही. रस्त्याच्या कडेला बंद पडलेली ट्रॉली तर अधिकच घातक असते. एका पट्टीची किंमत थोडी असते. तिच्या अभावी जाणाऱ्या जिवाची किंमत कशानेही भरून येत नाही.

म्हणून सायकलच्या मागे चमकणारी तांबडी चकती लावावी. रात्री पायी जाताना फिकट रंगाचे कपडे घालावेत. समोरून वाहन आले, तर चालकाने डिपर देऊन झोत खाली करावा. आपला दिवा आपल्याला वाट दाखवतो, हे खरे आहे. पण तो दुसऱ्याला आपली जागाही दाखवतो. वैमानिक भर दुपारी दिवा लावतो, तो स्वतःच्या डोळ्यांसाठी नव्हे, तर समोरच्याच्या डोळ्यांसाठी.

शब्दार्थ

मालवणे – विझवणे, बंद करणे
प्रखर – फार तेजस्वी
झोत – एका दिशेने पडणारा प्रकाश
दळणवळण – ये-जा आणि निरोप पोहोचवण्याची साधने
धावपट्टी – विमान ज्या पट्टीवरून उडते व उतरते ती
डोळे दिपणे – तीव्र प्रकाशामुळे काही न दिसणे
रोही – नीलगाय
मुभा – परवानगी, सवलत
मृत्युमुखी पडणे – मरण पावणे
पहारेकरी – राखण करणारा

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) विमानाच्या उजव्या पंखाच्या टोकाला कोणत्या रंगाचा दिवा असतो?
(आ) रात्रीच्या हवाई टपाल सेवेचे केंद्र कोणते शहर होते?
(इ) रेडिओ बंद असताना वैमानिक रात्री ‘खूण समजली’ हे कसे सांगतो?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) विमान तळावर सावकाश जात असताना प्रखर दिवे बंद ठेवतात.
(आ) टक्कर होणार असलेले विमान डोळ्याला कमी जाणवते.
(इ) धुक्यात प्रखर दिवा उपयोगी पडत नाही.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तर लिहा.
‘पाहण्यासाठी दिवा’ आणि ‘दिसण्यासाठी दिवा’ यांतील फरक विमान आणि ट्रॉली यांच्या उदाहरणांनी स्पष्ट करा.

प्र. ४. ‘दिव्याखाली अंधार’ या म्हणीचा वाक्यात उपयोग करा.

उपक्रम : आपल्या घरातील व शेजारच्या सायकली आणि ट्रॉली पाहा. किती वाहनांच्या मागे तांबडा दिवा, चकती किंवा चमकणारी पट्टी आहे, याची नोंद करा आणि ती वर्गात वाचून दाखवा.